संसर्ग नियंत्रण परिचारिकांची संघटना चालवताना: नव्या अध्यक्षांसाठी पायरीपायरीने

सर्वसाधारण सभेत कुणी तुमचं नाव सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, विरोधात कुणी उभं राहिलं नाही आणि पुढच्या दोन वर्षांसाठी तुम्ही अध्यक्ष झालात. पुण्यातल्या बऱ्याच व्यावसायिक संघटनांना अध्यक्ष असेच मिळतात. शाल-श्रीफळ घरी नेऊन ठेवलं की प्रश्न उरतो, आता करायचं काय?

बहुतेक जण लगेच वार्षिक परिषदेच्या तयारीला लागतात. सभागृह, पाहुणे, स्मरणिका, जेवण. परिषद घ्यायला हरकत नाही, पण संसर्ग नियंत्रणाचं काम करणाऱ्या माणसाची खरी अडचण दोन दिवसांच्या परिषदेने सुटत नाही. ती अडचण एकटेपणाची आहे. वॉर्डात नर्स पुष्कळ असतात. इन्फेक्शन कंट्रोल नर्स, म्हणजे आपली आयसीएन, बहुतेक रुग्णालयांत एकच. राउंडला आलेल्या सर्जनला ‘सर, हँडरब’ (हातावर चोळायचं जंतुनाशक) म्हणायचं तिनेच. हँडरबचं बिल का वाढलं याचं उत्तर मॅनेजमेंटला द्यायचं तिनेच. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत सलाइनची नळी निघाली की सफाईच्या मावशींना समजवायचं तेही तिनेच. तिचंच काम करणारं दुसरं माणूस त्या इमारतीत नसतं, त्यामुळे ‘माझं बरोबर आहे ना?’ हे विचारायला कुणी नसतं. संघटना आधी त्यासाठी आहे. पुढे जे सांगतो ते सगळं याच गोष्टीला धरून आहे.

पहिला महिना: यादी हातात घ्या आणि फोन करा

कार्यकारिणीची बैठक नंतर. आधी सदस्यांची यादी घ्या आणि प्रत्येकाला स्वतः फोन करा. मेसेज नको, फोनच. यादीतले बरेच नंबर लागणार नाहीत. कुणी आखातात गेलेली असेल, कुणी इंग्लंडला, कुणी नोकरी बदलून वॉर्डाची इन्चार्ज झालेली. ती नावं बाजूला काढणं हेसुद्धा कामच आहे.

जी लागतील त्यांना तीन गोष्टी विचारा. आठवड्यातले किती तास तुम्ही खरोखर संसर्ग नियंत्रणाचं काम करता? अडचण आली की पहिला फोन कुणाला करता? गेल्या वर्षात संघटनेचा काही उपयोग झाला का? पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण आधी हसतात. नेमणूक आयसीएनची, पण स्टाफ कमी पडला की वॉर्ड ड्युटी आणि असेसमेंट जवळ आली की फायली. तिसऱ्या प्रश्नाला लांबलचक शांतता मिळाली तर तीही नोंदवून ठेवा.

फोन करतानाच यादीत कोण नाही तेही दिसेल. मोठ्या रुग्णालयांच्या आयसीएन असतात. हडपसर, वाघोली, चाकणकडच्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममधली सिस्टर नसते. तिथे ‘इन्फेक्शन कंट्रोल’ नावाची वेगळी व्यक्तीच नसते, काम मात्र असतं. सीएसएसडीचे, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाचे टेक्निशियन नसतात, डायलिसिस युनिटचे नसतात, हाउसकीपिंगचे सुपरवायझर तर नसतातच. घटनेत परवानगी असेल तर यांच्यासाठी सहयोगी सदस्यत्व सुरू करा, शुल्क कमी ठेवा.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. आपल्याकडे मायक्रोबायोलॉजिस्ट डॉक्टर अशा संघटनांमध्ये मनापासून येतात, ज्ञान देतात, वेळ देतात. पण व्यासपीठावर चार डॉक्टर बसले की समोरच्या रांगेतल्या सिस्टर गप्प होतात. यात कुणाचा दोष नाही. रुग्णालयातली उतरंड सभागृहात येताना दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. म्हणून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तीन जागा प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिकांसाठी राखून ठेवाव्यात आणि डॉक्टरांना सल्लागार मंडळात मानाने घ्यावं. हा नियम घटनेत लिहिलेला असावा, समजुतीवर सोडू नये.

कागद: कंटाळवाणं, पण आधी उरका

महाराष्ट्रात अशा संघटनेची नोंदणी साधारणपणे दोन कायद्यांखाली होते: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. नव्याने नोंदणी करायची असेल तर किमान सात सदस्य लागतात. नोंदणी आधीपासून असेल तर तुमचं पहिलं काम म्हणजे बदल अर्ज. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात तो दाखल करावा लागतो. कित्येक संस्था इथेच अडकतात. तीन कार्यकारिण्या बदलून जातात, कागदावर मात्र सगळ्यात जुने अध्यक्षच राहतात आणि मग बँक सही स्वीकारत नाही.

मावळत्या सचिवांकडून या वस्तू मोजून घ्या: नोंदणी प्रमाणपत्रं, घटना व नियमावली, इतिवृत्ताची वही, सदस्य नोंदवही, पावती पुस्तकं (वापरलेली आणि कोरी दोन्ही), पासबुक, पॅन, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. घेतल्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. यात अविश्वासाचं काही नाही. पुढे कुणाला ‘ती फाइल तुमच्याकडेच होती’ म्हणायची वेळ येऊ नये, एवढंच.

बँकेत तिघांच्या सह्या ठेवा, त्यांपैकी दोन लागतील अशा. यूपीआयचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, खजिनदारांच्या मोबाइलचा नको.

फोन: संघटनेचा खरा प्राण

समजा, बाणेरच्या एखाद्या रुग्णालयात एका आठवड्यात आयसीयूतल्या तीन रुग्णांच्या ब्लड कल्चरमध्ये बर्कहोल्डेरिया सेपॅशिया नावाचा जंतू आला. आयसीएनला पहिल्यांदाच हे नाव दिसतंय. मेडिकल डायरेक्टर विचारतात, ‘हे काय आहे आणि आपण काय करतोय?’ तिच्या हातात तासाभराचा वेळ आहे.

जिने हे आधी पाहिलंय ती फोनवर पाच मिनिटांत सांगेल: हा जंतू ओलाव्यात आणि कित्येक अँटिसेप्टिकमध्येही तग धरतो, म्हणून त्याच्या उद्रेकाचा माग पुष्कळदा दूषित द्रावणापर्यंत जातो. तिन्ही रुग्णांत सामायिक काय होतं ते शोध. एकाच बॅचचं इंजेक्शन, अनेक रुग्णांना वापरलेली मल्टीडोस व्हायल, नेब्युलायझरचं द्रावण, अल्ट्रासाउंडची जेल, माउथवॉश. बॅच नंबर लिहून ठेव, उघडलेल्या बाटल्या फेकू नको, त्यांचं कल्चर पाठव, आणि लॅबला सांग की आधीचे आयसोलेट्स, म्हणजे नमुन्यांतून वाढवलेले जंतू, जपून ठेवा. पुस्तकात हे सगळं आहे. पण त्या वेळी पुस्तक उघडायला हात जात नाही, माणूस लागतो.

तो माणूस मिळेल अशी व्यवस्था लावणं हे अध्यक्षाच्या कामांतलं सगळ्यात मोठं काम. व्हॉट्सॲप गट बहुतेक संघटनांचा असतोच, आणि त्यात सकाळी सुविचार, दुपारी वाढदिवस, रात्री औषध कंपनीचं पोस्टर असतं. अशा गटात ‘माझ्या आयसीयूत तीन केसेस आहेत’ असं कोण लिहील? तेव्हा गट दोन करा. एक गप्पांचा, शुभेच्छांचा. तो बंद करायला जाऊ नका, लोक दुखावतात. दुसरा फक्त कामाच्या प्रश्नांचा, आणि त्याचे नियम कडक. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, रिपोर्टचा फोटो टाकायचा नाही. रुग्णालयाचं नाव लिहायचं नाही. उत्तर देताना ‘आमच्याकडे असं कधी होतच नाही’ हे वाक्य वापरायचं नाही. स्क्रीनशॉट बाहेर गेला तर सदस्यत्वावर विचार होईल, हे आधीच ठरावाने लिहून ठेवा.

या गटाच्या मागे पाच-सहा अनुभवी सदस्यांची पाळी लावा. आठवड्याला दोघी. प्रश्न आला की दोन तासांत त्यांच्यापैकी कुणीतरी फोन करायचा, गटावर उत्तर लिहीत बसायचं नाही. प्रश्न संपला की दोन ओळींत त्याचा निष्कर्ष, ओळख पुसून, एका वहीत. वर्षभरात ती वही कुठल्याही परिषदेच्या स्मरणिकेपेक्षा जास्त वाचली जाईल.

एक मर्यादा स्पष्ट असू द्या. संघटना सल्ला देते, निर्णय त्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचा. आणि शासनाला कळवणं बंधनकारक असलेला आजार असेल तर ‘आधी कळवा’ हाच सल्ला द्यायचा, ‘बघू’ नाही.

मासिक सभा

जागा आधी ठरवा, विषय नंतर. पिंपरीच्या सिस्टरला सदाशिव पेठेत आणि कोथरूडच्या सिस्टरला चिंचवडला बोलावलं तर दोघी येत नाहीत. मेट्रोच्या मार्गिका सिव्हिल कोर्टला, म्हणजे आताच्या जिल्हा न्यायालय स्थानकात, एकमेकींना भेटतात. तिथून चालत जाता येईल अशी एखादी खोली शोधा. वेळ दुपारी तीननंतरची, म्हणजे सकाळची ड्युटी संपवून येता येतं. गणपतीचे दहा दिवस आणि पालख्या शहरात असतील ते दिवस सोडून द्या. रस्ते बंद असतात आणि निम्म्या सदस्य तसंही सुट्टीशिवाय ड्युटीवर असतात.

सभा दीड तासाची. त्यातला निम्मा वेळ एका प्रत्यक्ष प्रकरणाला: काय घडलं, कसं लक्षात आलं, काय शोधलं, कुठे अडलो. सांगणारी सदस्य, पाहुणा वक्ता नाही. स्लाइड दहाच्या वर नकोत. पहिल्या दोन-तीन सभांना कुणी पुढे येणार नाही. तेव्हा ज्येष्ठ सदस्यांनी आपली जुनी, न जमलेली प्रकरणं सांगावीत. वरच्या माणसाने आधी स्वतःची फसलेली गोष्ट सांगितली की खालच्यांची जीभ सुटते.

उरलेल्या वेळात एक छोटी गोष्ट हाताने करून पाहा. फ्लुरोसंट जेल लावून यूव्ही टॉर्चखाली हात पाहणं, एन-९५ चा फिट चेक, हायपोक्लोराइटचं द्रावण. शेवटचं तर दर सहा महिन्यांनी करावं. पाच टक्क्यांच्या द्रावणातून एक टक्का करायचं तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. दहा टक्क्यांचं असेल तर एक भाग आणि नऊ भाग. कॅन बदलला, टक्केवारी बदलली आणि भिंतीवरचा तक्ता जुनाच राहिला, असं किती ठिकाणी आहे ते हात वर करून विचारा.

आकडे एकत्र करायचे, पण क्रमवारी लावायची नाही

दुसऱ्या सहामाहीत हे काम हाती घ्या, त्याआधी नाही. विश्वास बसायला वेळ लागतो.

सुरुवात चार आकड्यांनी: कॅथेटरमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, सेंट्रल लाइनमुळे होणारा रक्तप्रवाहातला, व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया आणि शस्त्रक्रियेच्या जागेचा. पहिले तीन दर हजार उपकरण-दिवसांमागे मोजायचे (एका रुग्णाला एक दिवस उपकरण, म्हणजे एक उपकरण-दिवस). एका महिन्यात आयसीयूत कॅथेटरचे एकूण १,२०० दिवस झाले आणि तीन संसर्ग सापडले तर दर अडीच. शस्त्रक्रियेचा दर शंभर शस्त्रक्रियांमागे, आणि रुग्ण घरी गेला तरी शस्त्रक्रियेपासून ३० दिवस पाहायचा. इम्प्लांट असलेल्या ठरावीक शस्त्रक्रियांत ९० दिवस. पुण्यात सांधे बदलायला नगर, सोलापूर, साताऱ्याहून रुग्ण येतात आणि जखम चिघळली तर गावातल्या डॉक्टरकडे जातात. फोन करून विचारल्याशिवाय हा आकडा खरा निघत नाही.

व्याख्या सगळ्यांच्या एकसारख्या हव्यात, नाहीतर तुलना फुकट. एक पूर्ण सभा फक्त व्याख्यांना द्या. दहा काल्पनिक केसेस वाटा आणि प्रत्येकीला ‘हो’ की ‘नाही’ ते कागदावर लिहायला सांगा. निकाल पाहून सगळ्याच गार होतात.

आणि शून्याचा मोह. ‘आमचा दर शून्य’ असं सांगणाऱ्या रुग्णालयात बरेचदा कल्चर पाठवलंच जात नाही. शोधलं नाही तर सापडत नाही. म्हणून संघटनेने आकडे घेताना ‘किती कल्चर पाठवली’ हेही विचारावं, आणि कुठल्याही रुग्णालयाचं नाव न दाखवता प्रत्येकीला फक्त तिचा स्वतःचा बिंदू आणि सगळ्यांचा पसारा दाखवावा. पहिला-दुसरा नंबर काढलात की पुढच्या महिन्यापासून सगळेच शून्य होतील. पुरस्कार द्यायचाच असेल तर कमी दराला देऊ नका, महिन्यामागून महिना न चुकता आकडे देणाऱ्याला द्या.

शिकवणं, आणि पुण्याचा जुना धडा

रुग्णालयात आयसीएन दिसली की लोक हात धुतात, ती गेली की थांबतात. तिला ‘पोलीस’ म्हणतात. संघटनेच्या प्रत्येक प्रशिक्षणात हा विषय घ्यावा, आणि पुण्यात तो घ्यायला बाहेरची उदाहरणं लागत नाहीत. १८९७ च्या प्लेगमध्ये संसर्ग रोखण्यासाठी गोऱ्या सैनिकांनी घरं तपासली, माणसं उचलून नेली, सामान बाहेर काढलं. रोग खरा होता, वेगळं ठेवण्याची गरजही खरी होती. पण पद्धत अशी की लोकांनी आजारी माणसं लपवली, आणि शेवटी २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांचा दवाखाना हडपसरजवळ होता. एकाच शहरात, एकाच वर्षी संसर्ग नियंत्रणाच्या दोन तऱ्हा दिसल्या. आपल्या मुलींना हे सांगा. ऑडिटचा फॉर्म घेऊन वॉर्डात शिरताना त्याचा उपयोग होतो.

मावशी आणि मामांचं प्रशिक्षण हा संघटनेचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. संसर्ग पसरेल की नाही हे बरेचदा त्यांच्या पोछ्यावर ठरतं, पण त्यांना बोलावलं जातं ते फोटोपुरतं. वर्ग मराठीत आणि हिंदीत घ्या, शिफ्ट संपल्यावर नाही तर ड्युटीच्या वेळेत, त्यांच्याच मजल्यावर, वीस मिनिटं. एका वेळी एकच विषय. रंग शिकवायचे तर खऱ्या वस्तू आणा: रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्यात, आयव्ही सेट आणि ग्लोव्हज लाल, सुया पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हे सुपरवायझरला सांगा. मावशींच्या हातात ते नसतं.

परिचारिकांच्या वर्गात हाताच्या स्वच्छतेचे पाच क्षण सगळ्यांना पाठ असतात. तेच पुन्हा सांगू नका. अवघड प्रश्न घ्या: ग्लोव्हज घातले म्हणून हँडरब टाळणारीला काय म्हणायचं, क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइलच्या (जुलाबाचा एक जंतू) रुग्णाकडून येताना साबण-पाणीच का, एका आयसोलेशन खोलीसाठी दोन रुग्ण असतील तर कुणाला द्यायची. वर्गाचे तास महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी धरले जातील अशी मान्यता आधीच घ्या. मुली रविवार घालवून येतात, त्यांना त्याचा हिशेब मिळायला हवा.

पैसा

वर्गणी एवढी ठेवा की नवी मुलगी बिचकणार नाही, आणि एवढी की सभेचा चहा आणि खोलीचं भाडं त्यातून निघेल. बाकी मोठा खर्च आला की जंतुनाशकांच्या, ग्लोव्हजच्या, स्टेरिलायझरच्या कंपन्या पुढे येतात. त्यांना सरसकट नको म्हणणं शक्य नाही, पण आपले सदस्य रुग्णालयात नेमक्या याच वस्तूंची शिफारस करतात, हे विसरून चालत नाही. औषध कंपन्यांसाठी केंद्राने २०२४ मध्ये विपणनाची एकसमान संहिता आणली, तीत आरोग्य व्यावसायिकांना वैयक्तिक भेटी देण्यावर बंधनं आहेत. तेवढ्यावर थांबू नका, आपलाही ठराव करा: स्टॉल चालेल, व्यासपीठ नाही. वक्ता आणि विषय समिती ठरवेल. पैसे धनादेशाने किंवा संस्थेच्या खात्यावर, पावती त्याच दिवशी. कुठल्या कंपनीने किती दिले ते सर्वसाधारण सभेत वाचून दाखवायचं. सदस्यांची फोन नंबरांची यादी कुणालाही द्यायची नाही, कितीही मोठा प्रायोजक असला तरी.

साथ आली की

या शहराला साथींची सवय आहे असं म्हणावं लागतं. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविडचे रुग्ण नायडू रुग्णालयात होते. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. प्रत्येक वेळी वॉर्डात पहिल्या दिवशी बातमी नाही, अफवा पोचते.

जीबीएसचंच घ्या. ‘आयसोलेशन लागेल का, वेगळा स्टाफ लागेल का, पीपीई घालू का’ हे प्रश्न अशा वेळी हमखास येतात. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता, म्हणजे बोट पाण्या-अन्नाकडे होतं. नेहमीच्या खबरदाऱ्या आणि शौच हाताळताना काटेकोरपणा पुरेसा. पण आयसीएनचं काम तिथे संपत नाही. हे रुग्ण कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर राहू शकतात, प्लाझ्मा बदलायचा तर मोठी सेंट्रल लाइन घातली जाते. रुग्ण आजारातून बरा होत असताना व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया त्याला गाठतो. तेव्हा संघटनेने काढलेल्या एका पानाच्या सूचनेत पीपीईच्या आधी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणं, तोंडाची निगा, लाइनची रोजची तपासणी हे असायला हवं.

अशा सूचना २४ तासांत निघाव्यात, त्यावर तारीख असावी आणि त्या केंद्राच्या, राज्याच्या किंवा महापालिकेच्या सूचनांच्या विरोधात जाऊ नयेत. पत्रकारांशी एकानेच बोलायचं. कुठल्या रुग्णालयात किती रुग्ण हे संघटनेने कधीही सांगायचं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड, दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांत ओळख साथ नसताना करून ठेवा. त्या गडबडीत नवी ओळख होत नाही.

सदस्याच्या पाठीशी उभं राहणं

आपण कामगार संघटना नाही. पगार, बदल्या, रजा यांत पडलो तर रुग्णालयं मुलींना सभेला सोडणं बंद करतील. पण काही गोष्टी आपल्या कक्षेत नक्की येतात.

पहिली, माणसांची संख्या. अमेरिकेत सत्तरच्या दशकात झालेल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या सेनिक अभ्यासात असं दिसलं की देखरेखीचा भक्कम कार्यक्रम आणि दर २५० खाटांमागे एक आयसीएन असलेल्या रुग्णालयांत संसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाले, आणि असा कार्यक्रम नसलेल्या ठिकाणी ते वाढले. जागतिक आरोग्य संघटनाही २५० खाटांमागे पूर्णवेळ एक हे किमान मानते आणि शक्यतो १०० खाटांमागे एक असावी म्हणते. या आधारावर संघटनेच्या लेटरहेडवर एक पत्र आणि कामाच्या स्वरूपाचा एक नमुना तयार ठेवा. सदस्याने मागितला की तिच्या मेडिकल डायरेक्टरांना द्यायचा. तिने स्वतः ‘मला वॉर्ड ड्युटी नको’ म्हटलं तर ती कामचुकार ठरते. तेच संघटनेने लिहिलं तर तो मानदंड होतो.

दुसरी, तिचं स्वतःचं आरोग्य. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. पातळी दहाच्या (एमआययू प्रति मिली) खाली आली तर डोस पुन्हा. कचरा हाताळणाऱ्या कामगारांनाही ही लस द्यायची जबाबदारी नियमांनी रुग्णालयावर टाकली आहे. कंत्राटदाराची माणसं यातून हमखास सुटतात. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची, लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर नाही. सुई टोचल्यावर रडत फोन करणारी मुलगी रात्री अकराला फोन करते, कार्यालयीन वेळेत नाही. पाळीवरच्या दोघींचे फोन रात्री चालू असायला हवेत ते यासाठी.

तिसरी गोष्ट अवघड आहे. एखाद्या सदस्याला आकडे ‘नीट करून’ द्यायला सांगितलं जातं. संघटनेने तिला एकटीला लढायला पाठवू नये. तिने नोंद लेखी ठेवावी, केस समितीच्या इतिवृत्तात घालण्याची विनंती करावी, आणि व्याख्येबद्दल वाद असेल तर दोन बाहेरच्या सदस्यांचं लेखी मत संघटनेने द्यावं. बरेचदा तेवढ्याने वाद शमतो, कारण मग प्रश्न सिस्टरच्या हट्टाचा राहत नाही, व्याख्येचा होतो.

वर्षाचं कॅलेंडर

५ मे हात स्वच्छतेचा जागतिक दिवस आणि १२ मे परिचारिका दिन आठवड्याच्या अंतराने येतात. दोन कार्यक्रम करण्यापेक्षा एकच करा. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा संसर्ग प्रतिबंध सप्ताहाचा, त्यात मावशी-मामांचे वर्ग. १८ ते २४ नोव्हेंबर प्रतिजैविकांचा आठवडा. तो डॉक्टर सल्लागारांवर सोपवा. रांगोळी स्पर्धा घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घेत नाही.

सोपवणं

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पुढचा सचिव आणि खजिनदार कोण होऊ शकेल ते हेरा आणि त्यांना सहसचिव, सहखजिनदार म्हणून कामाला लावा. मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेल्या, केरळहून येऊन इथल्याच झालेल्या मुली संघटनेत भरपूर असतात आणि पदांवर कमी. ‘बोलायला लाजते’ म्हणून कुणाला वगळू नका, बोलायचं काम फार थोडं असतं.

शेवटच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका घटनेत दिलेल्या मुदतीआधी पाठवा, गणपूर्ती न झाल्यास तहकूब सभेची वेळही त्यातच द्या. ताळेबंद छापून वाटा. इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून सह्या घ्या. नव्या कार्यकारिणीबरोबर बँकेत स्वतः जा, सह्या बदलून घ्या, बदल अर्जाची कागदपत्रं वकिलांकडे द्या आणि पोच नव्या सचिवांना द्या. दोन्ही गटांचं ॲडमिनपद सोडा. प्रश्नांच्या गटात मात्र राहा, आणि पाळीच्या यादीत आपलं नाव कायम ठेवा.